पत्रातलं पान

"तुमचे मालक आले की परत," न्हावी म्हणाला. "परवा याच खुर्चीत बसून दाढी करून गेले."

वस्तरा तेव्हा माझ्या गळ्याच्या घाटीवर होता. मान मागे टाकलेली, गालांना साबण, डोळे छताकडे. अशा वेळी माणसाला बोलता येत नाही, हलताही येत नाही, आणि न्हाव्यांना हे पक्कं ठाऊक असतं. निम्म्या बातम्या ते याच क्षणासाठी राखून ठेवतात. मी वरच्या पंख्याकडे पाहत राहिलो. त्याच्या एका पात्याला जळमट लागलं होतं आणि ते दर फेरीला माझ्यावरून जात होतं. मालक आले. नऊ वर्षांनी आले आणि मला न कळवता आले. "कधी?" असं मी विचारलं असावं, कारण न्हाव्यानं हात थांबवून "हलू नका हो, कापेल" म्हटलं. मग वस्तरा कापडाला पुसत, अगदी सावकाशीनं, "झाले की वीस-बावीस दिवस. बहिणीकडे उतरलेत, त्या पलीकडच्या चौकात. केस पार पिकलेत. आणि खचल्यासारखे वाटले हो मला. कुणी गेलंबिलं का घरात?" वीस-बावीस दिवस. तेवढ्या दिवसांत मी एकदा शहरात येऊन गेलो होतो आणि त्याच चौकातून, हातात पंपाचं वॉशर घेऊन, चालत गेलो होतो. ते वर गॅलरीत उभे असतील. मला पाहिलंही असेल. पाहून आत गेले असतील. मला उगीचच वाटलं की ही खुर्ची अजून गरम आहे, आणि परवाचा तो माणूस माझ्या पाठीखालून उठायला तयार नाही. न्हाव्यानं तुरटी फिरवली तेव्हा एवढं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते तुरटीच्या नावावर खपवलं.

मी त्यांचा कारभारी. शहरापासून चार तासांवर त्यांची जमीन आहे: संत्र्यांची बाग, दोन विहिरी, ओढ्याकाठचा पट्टा, मधोमध दगडी घर. हे सगळं नऊ वर्षं मी एकट्यानं सांभाळतो. माझी बायको शहरात दोन खोल्यांत राहते, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करते, आणि मी पंधरा दिवसांनी एकदा तिच्याकडे येऊन जातो. ती म्हणते, "आलात पाहुणे? तिकडची बरी आहे ना?" तिकडची म्हणजे बाग. बायकोला बागेविषयी बोलताना मी कधी 'ती'शिवाय दुसरा शब्द वापरताना ऐकलं नाही. एकदा मी सात दिवसांची सुट्टी टाकून आलो आणि तिसऱ्या दिवशीच पाण्याची पाळी चुकेल म्हणून परत निघालो, तेव्हा ती भाजी चिरता चिरता, मान वर न करता म्हणाली होती, "दुसऱ्याच्या बायकोला दागिने घडवणारा सोनार पाहिलाय मी. पण घडवून झाल्यावर ते तिच्या अंगावर आपल्याच हातानं चढवून बघणारा तुमच्यासारखा नाही पाहिला." मी हसलो होतो. तिनं मात्र हसण्यावारी नेलं नव्हतं.

बाहेर ऊन चढलं होतं. ठरल्याप्रमाणे मी घरी जायला हवं होतं. पिशवीत पाइपाचे दोन सांधे होते, बायकोची चष्म्याची काच होती. पण पाय चौकाकडे वळले. डाव्या हाताला कपडे शिवणारा, पुढे सायकलींचं दुकान, मग बंद पडलेलं छापखान्याचं दार. हा रस्ता मला पाठ होता आणि आज तो भलताच लांब झाला होता. मी चालता चालता त्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, आणि चेहऱ्याआधी मला त्यांचे मोकळे हात आठवले. बागेतून चालताना मालकांच्या हातात कधी काही नसे. खुरपं नाही, दोरी नाही, काठीसुद्धा नाही. परदेशी जाण्यापूर्वीही ते महिन्यातून एकदा येत, तेही पाहुण्यासारखे, आणि दोन्ही हात मागे बांधून झाडांमधून फिरत. त्यांना झाडं ओळखू येत नसत. ईडलिंबाच्या खुंटावर बांधलेलं कलम कुठलं आणि जंबेरीच्या खुंटावरचं कुठलं, हे मी त्यांना चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा त्यांनी "असं होय" म्हटलं. पण ते फिरायला लागले की खुरपणाऱ्या बाया कमरेतून उठून उभ्या राहत. मी गेलो तर नुसता पदर सावरत. माझ्या विहिरीवरची म्हातारी नऊ वर्षांत शंभरदा म्हणाली असेल, "मालक होते तवा पाणी किती गोड हुतं हो हिरीचं." विहीर तीच, पाणी तेच, तिच्यातला गाळ दर उन्हाळ्यात मी उपसून घेतलेला. मी एकदा तिला म्हटलं, "आजी, मालक काय साखर टाकत होते?" तर म्हणाली, "त्यांचा पायगुण." माझ्या पायांना काय झालं होतं, ते तिनं सांगितलं नाही.

भावाचा बुडता धंदा वर काढायला म्हणून ते समुद्रापलीकडे गेले. "दोन वर्षांत येतो," म्हणाले. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, आणि मग तो परत घ्यावा की काय अशा विचारात थोडा वेळ उभे राहिले. "मला आकडे नका कळवू," ते म्हणाले. "आकडे भाच्याकडे पाठवा, तो हिशेब बघेल. मला पत्र लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला. आणि पत्रात बागेतलं एक पान घाला, कुठलंही." टेलिफोनवर त्यांचा विश्वास नव्हता, त्यात जमीन ऐकू येत नाही म्हणायचे. तर असा करार झाला. फळांचे पैसे मी दमडीसुद्धा इकडची तिकडे न करता भाच्याकडे भरत आलो, आणि मामाभाच्यांनी त्याविषयी कधी एकमेकांना खोदून विचारलं नाही, कारण त्या घरात आकडे आणि माया वेगवेगळ्या फडताळांत ठेवायची रीत आहे. माया माझ्या पत्रांवर चालत होती.

पहिल्या वर्षीची पत्रं मी जीव ओतून लिहिली. पान निवडायला मला वेळ लागत नसे; कुठलंही तोडावं, हिरवंगार, चुरगाळलं की बोटांना वास. पहिला बहर आला त्या महिन्यात मी पाच पानी पत्र लिहिलं. मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, असं लिहिलं. उत्तर आलं ते मी विहिरीच्या काठावर बसून वाचलं. "तुमचं पान हुंगलं आणि झोप उडाली. हे सगळं माझं आहे यावर विश्वास बसत नाही. लौकरच येतो आणि माझ्या बागेत कायमचा राहतो." मी ते पुन्हा वाचलं. माझं. माझ्या. मी सकाळी सहापासून उभा होतो, पायांना चिखल होता, हाताला डिंक होता, आणि तिकडे एक माणूस पान हुंगून मालक होत होता. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले होते, त्यांचा राग येत नाही. शेळ्यांना निदान आपण कुणाच्या हे ठाऊक नसतं. पण मला वाटलं की बागेला ठाऊक आहे. मला वाटलं की ती त्यांचीच वाट पाहत फुलली आहे, आणि मी मधल्या मध्ये पाणी घालतो आहे. मला मत्सर वाटत होता. शब्द फिरवण्यात अर्थ नाही. बायकोकडे कुणी वर मान करून पाहिलं असतं तरी मला एवढा वाटला नसता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि तिला ते माहीत आहे.

दुसऱ्या वर्षी मी लिहिलं, "यंदा फुलोरा बेताचाच आहे." एवढंच. बाहेर झाडं पांढरीशुभ्र होती. उत्तर आलं, "वाईट वाटलं. मग यायची एवढी घाई करत नाही." ते वाचून मला जे वाटलं त्याला सुख म्हणायला मी तयार आहे. मी उठलो आणि ओढ्यापर्यंत चालत गेलो, दोन्ही हात मागे बांधून. मग पुढचं सोपं होतं. पत्रात बुंध्यांवर डिंक्या रोग पडला. थोरल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला. मी एकेक गोष्ट घाई न करता, महिन्याला थोडी थोडी मारत आणली, डॉक्टर नातेवाइकांना तयार करतात तशी. अडचण फक्त पानाची होती. माझ्या बागेत आजारी पान मिळेना! एक तारीख जवळ आली की मी सकाळपासून झाडाझाडाखाली वाकून, फांद्या उलट्यापालट्या करून, किडकं, पिवळं, सुरकुतलेलं पान शोधत हिंडायचो. सुनेत खोट शोधणारी सासूसुद्धा इतकी हिंडली नसेल. बायांना वाटायचं, कारभारी काय निगा राखतात, पान न् पान तपासतात. शेवटी ओढ्यापलीकडे कुणा बेवारशाचा संत्र्यांचा एक तुकडा होता, पाण्यावाचून वाळत चाललेला, तिथं जाऊन मी पानं आणू लागलो. सहा वर्षं आणली. त्या वर्षांत मालकांच्या पाकिटातून समुद्रापलीकडे गेलेलं जवळजवळ प्रत्येक पान त्या परक्या झाडांचं आहे. आणि ते पोस्टात टाकून परत येताना, माझ्या बागेच्या फाटकातून आत शिरताना, मला दर वेळी वाटायचं की आता ही फक्त मला दिसते. जगात तिला पाहणारा मी एकटा. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्यांनी येण्याची गोष्ट काढलीच नाही, आणि मी झाडांना हात लावताना कुणी पाहतंय का, हे बघायचं सोडून दिलं.

बहिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात फिनेलचा वास होता. चढताना मी मनात भांडण जुळवत होतो: वीस दिवस झाले, मालक, आम्ही काय परके? परक्यासारखं वागवायचं होतं तर किल्ल्या कशाला दिल्यात? खरं तर मला त्यांचं न कळवणं लागलं नव्हतं. मला भीती वाटत होती की ते गुपचूप जाऊन आले. मी इकडे बायकोकडे असताना ते गाडी करून गेले, बागेत उभे राहिले, आणि तिनं त्यांना सगळं दाखवलं. दार बहिणीनं उघडलं. त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. सत्तरी उलटली आहे, पण जिभेला गंज चढलेला नाही. त्यांनी मला पाहिलं आणि दार मागे ओढून घेत बाहेर जिन्यातच आल्या.

"कुणी सांगितलं?"

"न्हाव्यानं."

"ते मेलं वर्तमानपत्र," ताई म्हणाल्या. "बरं झालं एका परीनं. तो रोज म्हणतो, आज कळवू, उद्या कळवू. तुमच्या समोर यायची त्याला लाज वाटते."

"लाज? त्यांना?"

"विकतोय तो जमीन. गोदामं बांधणारे आहेत कुणी. परवा सह्या आहेत. ते सगळं सपाट करणार, झाडं, घर, सगळं." त्या माझ्याकडे निरखून पाहू लागल्या. "माणसानं नऊ वर्षं मर मर राबून राखलं आणि आपण विकलं, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू, म्हणतो. कारभारी, मला एक खरं सांगा. काहीच उरलं नाही का हो तिथं? थोडीशी जरी बाग असती ना, तरी हा विकायचा नाही. तिथंच जाऊन राहायचं होतं त्याला. एकटा जीव. तुम्हालाही कुठं जाऊ देणार होता? दोघं राहिला असतात म्हातारे, भांडत."

फिनेलचा वास आता नाकात बसला होता. मी म्हणालो, "बघू, ताई. आधी भेटतो." मला खरोखरच बघायचं होतं. सपाट करणार, हा शब्द मी ऐकला होता, पण तो अजून आत उतरला नव्हता. आत होतं ते एवढंच की ते अजून गेलेले नाहीत. त्यांनी तिला पाहिलेलं नाही. मला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याची किंमत काय हे हळूहळू, पायऱ्या चढणाऱ्या माणसासारखं, वर यायला लागलं.

मालक आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर बसले होते. मला पाहून उठायला गेले आणि तोल सावरायला त्यांना टेबल धरावं लागलं. न्हावी खोटं बोलला नव्हता. खचले होते. शर्टाची कॉलर मानेपेक्षा मोठी झाली होती. नऊ वर्षं ज्या माणसाचा मी हेवा केला तो हा नव्हताच. तो उंच होता, रुंद होता, त्याचे खांदे दारात मावत नसत. हा म्हातारा माझे दोन्ही हात धरून उभा राहिला. "कारभारी," ते शेवटी म्हणाले, "मला माफ करा. मी तुमचा अपराधी आहे." माझ्या मनात जुळवलेलं भांडण होतं, ते मी कुठं ठेवावं ते मला कळेना.

टेबलावर माझी पत्रं होती. वर्षावारी गठ्ठे, सुतळीनं बांधलेले, आणि शेजारी जुना जाडजूड शब्दकोश, त्यात पानं. त्यांनी तो उघडला. आठ-नऊ वर्षांची पानं, तपकिरी, कागदासारखी. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं महिना आणि वर्ष लिहिलेलं. "हे चौथ्या वर्षाचं," ते एकावर अलगद बोट ठेवत म्हणाले. "हे आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. कडा बघा कशी जळल्यासारखी. मी भिंगातून पाहायचो. मला वाटायचं, तुम्ही एकटे तिथं कसे राहत असाल हे सगळं बघत? मी इथं सुखात, आणि तुम्ही रोज मरणाच्या उशाशी." मी त्या पानाकडे पाहिलं. ओढ्यापलीकडचं. तोडताना मला काटा लागला होता एवढंच त्याच्याविषयी मला आठवलं. माझ्या हिरव्या बागेतल्या कुठल्याही एका पानाला मी असं भिंगातून पाहिलं नव्हतं. जेवण तर कधीच सोडलं नव्हतं. आणि मला, काय सांगू, त्या क्षणी त्याचाही हेवा वाटला. परक्या किडक्या पानावर इतका जीव लावता येतो, हेही यांनाच यावं? मी राबायचं आणि माया यांनी करायची, आणि तीही माझ्यापेक्षा जास्त?

"बाकी सगळे मला गोड बोलायचे," मालक म्हणाले. "भाचा म्हणायचा, मामा, उत्पन्न चांगलं आहे. मला माहीत होतं, तो माझं मन राखतोय. खरं सांगणारे तुम्ही एकटे. तुमच्या पत्रांनी माझी ओढ हळूहळू सुटली, कारभारी. उपकार झाले. नाहीतर हे विकताना मी मेलोच असतो."

मग ते खिडकीकडे वळले. "एकच वाटतं. उद्या तुम्ही परत जाल ना, तर मीही येतो तुमच्याबरोबर. शेवटचं बघून घेतो. कसंही असो. परवा सकाळी परत येऊन सह्या करतो."

मी खुर्चीवर बसलो. इतकं सोपं होतं. मला तोंड उघडून कबुलीसुद्धा द्यायची गरज नव्हती. नुसतं "चला" म्हणायचं. उद्या दहा वाजता फाटक उघडलं असतं आणि पुढचं सगळं बागेनं सांगितलं असतं. सह्या झाल्या नसत्या. झाडं राहिली असती. माझं खोटं उघडं पडलं असतं, पण हा माणूस मला हाकलणारा नव्हता, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं; रडला असता, मग हसला असता, मग गळ्यात पडला असता. मी हे सगळं स्पष्ट पाहिलं. मी पाहिलं की ते फाटकातून आत शिरताहेत. विहिरीवरची म्हातारी हातातलं टाकून धावत येतेय, "मालक आले गं, मालक आले." बाया उठून उभ्या राहताहेत. ते वाकून ओंजळीनं पाणी पितात आणि म्हणतात, गोड आहे की. दोन्ही हात मागे बांधून ते चालायला लागतात आणि मी चार पावलं मागून. आणि मग कुठंतरी मधल्या रांगेत थांबून, वळून, माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणतात, "छान सांभाळलीत हो माझी बाग." राखणदाराला म्हणतात तसं. मग मी दुसरंही पाहिलं, मुद्दाम, स्वतःला बळजबरी करून: करवत, आडवी झाडं, मुळांसकट उपसलेली माती, थोरल्या विहिरीत ढकललेले घराचे दगड. पण मी ते शेवटपर्यंत पाहू शकलो. पहिलं मला बघवलं नव्हतं. तुला ना मला, घाल कुत्र्याला. आम्ही भावंडं खेळण्यासाठी भांडलो की आई हे म्हणायची आणि खेळणं खिडकीतून बाहेर फेकायची. तेव्हा मला आईचा राग यायचा.

"नका येऊ, मालक," मी म्हणालो. माझा आवाज छान, जड, खरा आला. "तुम्हाला नाही बघवणार."

त्यांनी वाद घातला नाही. नऊ वर्षांत त्यांनी माझ्या एकाही शब्दावर वाद घातला नव्हता. त्यांनी फक्त मान हलवली, दोनतीनदा, आणि पलंगावर बसले. ताईंनी दारातून आत पाहिलं, मालकांकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि चहा टाकायला निघून गेल्या.

"मग असं करा," मालक म्हणाले. "मला एकदा सांगा. बरी असतानाची. मला आता नुसती तुमची पत्रंच आठवतात हो, डिंक्या आणि तडे. आधीचं सगळं पुसून गेलंय. डोळ्यांसमोर आणतो म्हटलं तरी येत नाही. तुम्हाला आठवत असेल ना?"

मला आठवायची काय गरज होती? मी काल सकाळीच तिथून निघालो होतो. मी त्यांना सांगायला लागलो. सुरुवातीला चाचपडत, मग मोकळेपणानं. फाटकातून आत शिरलं की उजवीकडे पहिल्या रांगेतलं तिसरं झाड कसं वाकडं, आणि त्याच्याच फळाला कसा सगळ्यांत जास्त रस. थोरल्या विहिरीत सकाळी आठ वाजता ऊन तळापर्यंत जातं तेव्हा पाणी कसं दिसतं. पाट सोडला की कोरडी माती आधी कशी फुसफुसते आणि मग गप्प होते. बहर आला की बायका कामावर येतानाच केसांत फुलं अडकवून येतात, आणि त्यांना रागवावं तर कसं, कारण खाली सडाच इतका पडलेला. मी असं कधी कुणाशी बोललो नव्हतो. बायकोशी नाही. त्यांना लिहिलं होतं ते पहिल्या वर्षी, तेव्हा मला ती इतकी ठाऊकही नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी मालकांना शब्दन्‌शब्द खरं सांगत होतो, आणि ते डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग येत होता. मला थांबता येईना. मी ओढ्याकाठच्या बांधावर आलो. तिथं डाळिंबं आहेत, सत्तावीस. ती मी लावली, पाच वर्षांपूर्वी, ज्या उन्हाळ्यात मी थोरली विहीर आटल्याचं कळवलं होतं त्या उन्हाळ्यात. पंप जळला होता, म्हणून दोन महिने कावडीनं पाणी घातलं, ओढ्यापासून बांधापर्यंत, दिवसाला चाळीस खेपा. उजव्या खांद्याची सालटं निघाली, तिथं अजून केस येत नाहीत. त्या उन्हाळ्याच्या पत्रात मी कावड आणि सोललेला उजवा खांदा लिहिला होता, ही झाडं मात्र नाही. बागेतली बाकी सगळी झाडं त्यांच्या वडिलांनी किंवा त्यांच्या पैशानं लावलेली. ही सत्तावीस तेवढी माझी. मी ती सांगायला नको होती. पण फुलं आली होती आत्ता, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येईना. "बांधावर डाळिंबं होती," मी म्हणालो. "फुललं की बांध पेटल्यासारखा वाटायचा. ओढ्यात खाली तसाच दुसरा."

मालकांनी डोळे उघडले. ते एकदम सरळ बसले.

"डाळिंबं," ते म्हणाले. "बांधावरची. थांबा, थांबा. आठवतंय मला." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. "ती मी लावली होती, नाही का हो? मी स्वतः. कावड घेऊन पाणी घालायचो, ओढ्यावरून. केवढ्या खेपा!" त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि सैल कॉलरीखाली शिरून उजवा खांदा चोळू लागला. "हा सोलून निघाला होता पार. अजून दुखतो कधी कधी. मी तुमच्यासारखा राबलो नाही कधी, मला कबूल आहे. पण तेवढी डाळिंबं माझी. माझ्या हातची. हो ना, कारभारी?"

चहा घेऊन ताई दारात उभ्या होत्या. मालक वाट पाहत होते, लहान मूल वाट पाहतं तशी, खांद्यावरचा हात तसाच. माझा खांदा शर्टाच्या आत जळत होता. एवढं एक मी परत मागून घेऊ शकत होतो; पण ते मागायचं तर ती विहीरही परत भरावी लागली असती, आणि सगळी बाग उभी करावी लागली असती, आणि तिच्या फाटकाशी यांना.

"हो, मालक," मी म्हणालो. "तुम्हीच लावली होती."